वार्धक्य, स्नायू आणि उभे राहण्याचा तोल

तोल हा शब्द व्यापाऱ्यास नवा नाही. तराजूचा काटा मध्यावर येऊन थांबला की माल तोलला गेला असे आपण मानतो, आणि ज्याने आयुष्याची चाळीस वर्षे धान्याच्या घाऊक पेढीवर काढली त्याच्या डोळ्यांपुढे काट्याची ती बारीक थरथर झोपेतही उभी राहते. परंतु त्याच तराजूपुढे उभा असलेला मनुष्य स्वतःचा तोल कसा सांभाळतो, याचा विचार आपणां व्यापारी मंडळींकडून क्वचितच होतो. पाय आहेत म्हणून उभे राहतो, एवढेच आपण गृहीत धरून चालतो. मग साठी-सत्तरी उलटल्यावर एखादे पहाटे स्नानगृहात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि ज्या गृहस्थाने काल संध्याकाळपर्यंत पेढीच्या किल्ल्या कमरेला बाळगल्या होत्या त्यास दुसऱ्याच्या हाताने पाणी प्यावे लागते.

हे दृश्य आपल्या समाजात इतके परिचयाचे आहे की आपण त्यास दैव म्हणून सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दरसाल सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे केवळ पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि साठ वर्षांवरील मंडळींचा वाटा त्यात सर्वांत मोठा असतो. एवढ्या मोठ्या हानीस दैव म्हणणे आम्हांस पटत नाही. आम्ही वैद्य नव्हे, आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि या विषयावर जे वाचनात आले आणि जाणत्या डॉक्टरांस विचारून पारखून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम उभे राहणे म्हणजे काय ते पाहू. सतराव्या शतकात इटलीत बोरेली नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने एका धारदार कडेवर फळी आडवी ठेवली, तीवर मनुष्यास निजविले, आणि फळी कोणत्या ठिकाणी समतोल होते ते पाहून शरीराचा गुरुत्वमध्य शोधून काढला. म्हणजे माणसालाच त्याने तराजूच्या दांडीवर घातले! त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. हा गुरुत्वमध्य कमरेच्या भागात, बेंबीच्या थोडा खाली असतो. तेथून ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या सांध्यातून जात नाही. सांध्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे पडतो. याचा अर्थ असा की उभा असलेला मनुष्य सदैव किंचित पुढे कलंडत असतो, आणि पोटरीचे स्नायू त्यास मागून सदैव ओढून धरीत असतात. ते क्षणभर ढिले पडले तर आपण तोंडघशी पडू.

ही ओढ दोरासारखी एकसारखी नसते. मनुष्य वारंवार हलकेच पुढे झुकतो व पुन्हा सावरला जातो. प्रत्येक वेळी पोटरीला थोडा हिसका देऊन पुन्हा सैल व्हावे लागते. आपणांस हे जाणवत नाही इतकेच. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची ५७ फुटी मूर्ती एक हजार वर्षांहून अधिक काळ निश्चल उभी आहे, तीही कायोत्सर्ग मुद्रेतच. तथापि ज्यांनी तिचे दर्शन नीट घेतले असेल त्यांस आठवेल, की पायांच्या दोन्ही बाजूंस कोरलेली वारुळे मूर्तीस मांड्यांपर्यंत आधार देतात. त्यावरचा भाग तेवढा निराधार आहे. पाषाणालाही जेथे आधार लागला तेथे हाडामांसाचे शरीर वीतभर तळव्यांवर तोलले जाते, हे सर्व श्रेय स्नायूंचे आणि त्यांस क्षणोक्षणी हुकूम देणाऱ्या मेंदूचे होय.

मेंदूस हा हुकूम देण्यासाठी बातमी लागते. ती त्याला तीन ठिकाणांहून मिळते. एक डोळ्यांकडून. दुसरी अंतःकर्णाकडून, तेथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे वळले ते सांगतात आणि चुन्याचे अतिसूक्ष्म खडे ज्यावर बसविले आहेत असा दुसरा एक भाग डोके कोणीकडे कलले ते सांगतो. तिसरी तळपायांच्या त्वचेकडून व सांधे-स्नायूंकडून. आपल्या पेढीवर रोजकीर्द, खतावणी आणि मालाचा साठा या तिहींची रुजवात घालून मगच आपण शिल्लक खरी मानतो. मेंदूचेही काम तसेच चालते. एक वही हरवली तरी दोहोंवरून हिशेब लागतो. दोन हरवल्या म्हणजे मात्र गडबड उडते.

वार्धक्यात या तिन्ही वह्या एकदमच पुसट होऊ लागतात. डोळ्यांस मोतीबिंदू होतो, अंधुक उजेडात पायरीची कड दिसेनाशी होते. अंतःकर्णातील केसासारख्या सूक्ष्म पेशी वयोमानाने कमी होतात व पुन्हा उगवत नाहीत. तळव्याचा स्पर्श बोथट होतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांनी या गोष्टीची एक साधी परीक्षा सांगितली, ती आजही जगातील प्रत्येक रुग्णालयात केली जाते. रोग्यास पाय जुळवून उभे करावयाचे व डोळे मिटावयास सांगावयाचे. ज्याच्या पायांकडून येणारी बातमी तुटली आहे, तो डोळे उघडे असेपर्यंत उभा राहतो आणि मिटताच डगमगतो. चेहऱ्यावर साबण लावून डोळे मिटले असता ज्यांस स्नानगृहात झोक जातो, त्यांनी ही खूण क्षुल्लक मानू नये.

आता स्नायूंकडे वळू. कारण बातमी कितीही अचूक असली तरी हुकूम बजावणारा हमाल अशक्त असेल तर पोते उचलले जात नाही. स्वीडनमधील लेक्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडीच्या स्नायूंची मोजदाद प्रसिद्ध केली. अचानक मरण पावलेल्या, पूर्वी निरोगी असलेल्या ४३ पुरुषांचे स्नायू त्यांनी तपासले होते. सर्वांत लहान १५ वर्षांचा, सर्वांत वृद्ध ८३ वर्षांचा. विसाव्या वर्षापासून ऐंशीव्या वर्षापर्यंत स्नायूची जाडी सुमारे ४० टक्के घटते, असे त्यांस आढळले. तंतूंची संख्याही कमी होते आणि उरलेले तंतू बारीकही होतात. त्यातही जे तंतू झटक्यासरशी जोर देतात ते अधिक रोडावतात, आणि जे सावकाश पण दीर्घकाळ काम करतात ते त्या मानाने टिकून राहतात. म्हणून सत्तरीचा मनुष्य देवदर्शनास दोन मैल चालून जाईल, पण वाटेत दगडास ठेच लागली असता पुढचे पाऊल वेळेवर टाकून सावरणे त्यास जमणार नाही. अंगात बळ असूनही ते क्षणात हाती येत नाही, अशी ही स्थिती आहे.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस फार मार्मिक वाटली. मज्जारज्जूतून निघालेला एकेक मज्जातंतू स्नायूंच्या काही तंतूंस हुकूम देत असतो. साठीनंतर असे मज्जातंतू बरेच मरू लागतात. त्यांच्या ताब्यातील स्नायुतंतू पोरके होतात. शेजारचा जिवंत मज्जातंतू त्यांतील काहींस आपल्या पंखाखाली घेतो, उरलेले वाळून जातात. परिणामी हुकूम देणारे थोडे राहतात आणि प्रत्येकाच्या हाताखालचा जमाव मोठा होतो. तरुणपणी स्नायूच्या गल्ल्यात सुटे पैसे असतात, म्हणून जेवढा जोर हवा तेवढाच तो मोजून देतो. म्हातारपणी गल्ल्यात केवळ मोठ्या नोटा उरतात. चार रुपयांची गरज असता दहाची नोट द्यावी लागते, मग गिऱ्हाईक उलट बाजूस झुकते, त्यास परत ओढण्यास पुन्हा दहाची नोट! वृद्धाचा उभ्या जागी होणारा डोल वाढतो त्याच्या कारणांपैकी हे एक होय.

सामान्यतः लोकांची समजूत अशी की म्हातारपणी स्नायू थकल्यामुळे कमी काम करतात. प्रत्यक्षात उभे राहण्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट दिसून आले आहे. बॉस्टन येथील संशोधकांनी २००३ साली तरुण मंडळी व वृद्ध मंडळी यांस शांत उभे करून, पायांच्या त्वचेवर विद्युतपट्ट्या चिकटवून, स्नायूंतील हालचालीची नोंद घेतली. वृद्धांचे स्नायू तरुणांपेक्षा अधिक जागे असल्याचे त्यांस आढळले. ज्या वृद्धांस पडण्याची खोड होती त्यांचा पुढे-मागे होणारा डोलही अधिक होता. शिवाय वृद्धांत अनेकदा पायाच्या पुढचा स्नायू व मागचा स्नायू हे दोन्ही एकाच वेळी आवळलेले असतात. तरुण मनुष्य एक आवळतो तेव्हा दुसरा सोडतो.

असे का व्हावे? बातमी पुसट झाली, हुकूम उशिरा पोहोचू लागला, तेव्हा मेंदू सावधगिरीचा मार्ग धरतो. मंडपाचा खांब हलू नये म्हणून दोन्ही बाजूंचे दोर ताणून बांधावे तसा तो घोटा दोन्हीकडून करकचून धरतो. वाऱ्याच्या लहान झुळुकेपुरता हा उपाय ठीक आहे. पण त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक तर केवळ उभे राहण्यातच शक्ती खर्च होते. गिऱ्हाइकाशी दहा मिनिटे उभ्याने बोलले तरी पोटऱ्या भरून येतात. दुसरे असे की ताठरलेला पाय अचानक आलेल्या धक्क्यास लवत नाही. गर्दीत कोणाचा खांदा लागला, कुत्रे पायात आले, तर लवचीक वेत वाकून पुन्हा सरळ होतो आणि वाळका बांबू कोलमडतो. पडण्याची भीती मनात बसली म्हणजे हा ताठरपणा अधिकच वाढतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

तोल सांभाळण्यास मनाचेही लक्ष लागते. स्वीडनमधील उमेओ येथे १९९७ साली वृद्धांविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले: चालता चालता कोणी बोलावयास लागले की जे वृद्ध उभे राहून मग उत्तर देतात, ते पुढील काळात अधिक पडतात. चालणे आणि बोलणे ही दोन कामे त्यांच्या मेंदूस एकदम पेलत नाहीत. गोदामाच्या पायऱ्या उतरताना भ्रमणध्वनीवर तुरीचा भाव विचारणाऱ्या आमच्या समवयस्कांनी हे वाक्य दोनदा वाचावे अशी आमची विनंती आहे.

आमच्या समाजास विशेष लागू पडणारी एक गोष्ट येथे विस्ताराने लिहितो. जीवनसत्त्व ब-१२ हे निसर्गतः प्राणिजन्य पदार्थांतच असते. धान्य, कडधान्य, भाजी, फळे यांत ते नाही. शाकाहारी मनुष्यास ते दूध, दही, ताक यांतून थोडेबहुत मिळते. वयोमानाने जठराचा पाचकरस मंदावतो, त्यामुळे आहे तेही नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही उणीव आणखी वाढू शकते. ब-१२ फार कमी झाले की मज्जारज्जूच्या मागील भागातील जे तंतू पायांची बातमी मेंदूकडे नेतात तेच खराब होतात. तळव्यांस मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते, अंधारात पाय कोठे पडतो ते कळत नाही. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. पण हे निव्वळ वयाचे लक्षण नसून रक्ताच्या एका साध्या तपासणीने ओळखता येणारा रोग असू शकतो, आणि वेळीच ओळखल्यास गोळ्यांनी वा इंजेक्शनांनी तो बराच आटोक्यात येतो. उशीर झाला तर झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. आहाराचा नियम न मोडता ही उणीव भरून काढता येते, कारण औषधातील ब-१२ सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने कारखान्यात तयार केले जाते. ज्यांस यासंबंधी धार्मिक शंका असेल त्यांनी ती जाणत्यांस विचारावी. मात्र शंका विचारण्याच्या नादात तपासणी लांबणीवर टाकू नये.

मधुमेहानेही तळव्यांचा स्पर्श जातो. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांनी काहींस अंथरुणातून एकदम उठताना घेरी येते. उपवासाच्या दिवसांत हे अधिक घडते. अशा वेळी काठावर दोन मिनिटे बसून, पाय हलवून, मग उठावे. दुहेरी भिंगाचा चष्मा जिना उतरताना घोटाळा करतो, कारण पायाकडे पाहताना नेमके वाचनाचे भिंग आड येते आणि पायरी अंधुक दिसते.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावयास घेतला तो असा: गेलेले बळ परत येते काय? आमच्या पिढीची समजूत अशी की साठीनंतर उतार तो उतारच. १९९० साली बॉस्टन येथील डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त स्त्रीपुरुषांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन घेऊन व्यायाम करविला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचे बळ सरासरीने १७४ टक्के वाढले, म्हणजे पावणेतीन पटींच्या घरात गेले. दोघांनी तर काठी सोडून दिली. पुढे १९९४ साली त्यांनीच शंभर वृद्धांवर अशीच मोठी परीक्षा केली. तीत व्यायामाने बळ वाढले. व्यायामावाचून नुसता पौष्टिक आहार दिला त्यांस विशेष लाभ झाला नाही. मरून गेलेले मज्जातंतू परत येत नाहीत हे खरे, पण उरलेल्यांकडून पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक काम करून घेता येते.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. अमेरिकेत सरासरी ६७ वर्षांच्या बारा निरोगी मंडळींस केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले, हे २००७ साली प्रसिद्ध झाले आहे. आणि आपल्या घरांत काय चालते? मुले-सुना प्रेमाने म्हणतात, "अण्णा, तुम्ही बसा, आम्ही आणून देतो." अण्णा गादीवर बसतात. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचे ताट समोर, माळ्यावरची वही नातू काढून देतो. भारतीय बैठकीची सवय मोडते, खुर्ची येते. वंदनासाठी उठणे-बसणेही खुर्चीवरून होऊ लागते. आदराचा हा थाट पाहणाऱ्यास गोड वाटतो, पण ज्याच्यासाठी तो केला त्याचे पाय त्यात हळूहळू जातात. ज्यांचे गुडघे खरोखर निकामी झाले त्यांची गोष्ट वेगळी. इतरांस उठू द्यावे, पाणी आणू द्यावे. मुलाने बाजूस उभे राहावे आणि हात तेवढा तयार ठेवावा, यात अधिक प्रेम आहे असे आमचे मत आहे.

व्यायाम कोणता करावा? सकाळचा फेरफटका हृदयास व रक्तशर्करेस हितकर, तो सोडू नये. पण तेवढ्याने तोल सुधारतो असे सिद्ध झालेले नाही. २०१९ साली १०८ चाचण्यांचा व २३ हजारांहून अधिक वृद्धांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले दिसले, आणि तोलास जाणूनबुजून कसोटीला लावणारे व्यायाम त्यात महत्त्वाचे ठरले. ते घरी करण्याजोगे आहेत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या घट्ट खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे, सावकाश बसावे. असे दहा वेळा. स्वयंपाकघराच्या ओट्यास धरून टाचा उचलाव्या. भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे लावून, टाचेला अंगठा भिडवून, दहा पावले चालावे. ओट्याजवळच एका पायावर उभे राहावे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या १७०२ मंडळींस दहा सेकंद एका पायावर उभे राहावयास सांगितले, तेव्हा पाचातील एकास ते साधले नाही. २०२२ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांस साधले नाही त्यांत पुढील सुमारे सात वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक होते. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ कोणी करू नये. शरीराच्या एकंदर शिलकीचा तो एक उतारा आहे. परीक्षा करताना जवळ कोणीतरी असावे, आणि छातीचे वा सांध्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

आहाराविषयी आमच्या धंद्याच्या अधिकाराने दोन शब्द लिहितो. तूर, मूग, उडीद, हरभरा या डाळींत शेकडा वीस-बावीस भाग प्रथिने असतात, आणि स्नायू घडतो तो प्रथिनांवर. वृद्धांस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडे अधिक प्रथिन हवे, असे आता तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट निराळी. प्रत्यक्षात म्हातारी माणसे रात्री दुधात पोळी कुस्करून उठतात आणि डाळीचे पाणी तेवढे वरून ओतून घेतात. डाळ तळाशी राहते! तिन्ही वेळच्या खाण्यात घट्ट वरण, मुगाचे धिरडे, दही, भिजवलेले हरभरे बारीक करून, काहीतरी असावे. भाताबरोबर डाळ खाण्याची आपली जुनी रीत शास्त्रासही मान्य आहे, कारण एकात जे उणे ते दुसऱ्यात असते.

शेवटी काठी. आमच्या समवयस्कांस काठीची फार लाज वाटते. छत्री चालते, काठी नको. अमेरिकेतील दोघा संशोधकांनी १९९४ साली असे दाखविले की बोटाचे टोक एखाद्या स्थिर वस्तूस नुसते टेकवले, शंभर ग्रॅमहूनही कमी भार दिला, तरी शरीराचा डोल पुष्कळ कमी होतो. एवढ्या भाराने आधार कसला मिळणार? मेंदूस बातमी मिळते, एवढेच. काठी ही अशी चौथी वही होय. ती घेताना पायात नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा, आणि मनगटाची घडी येईल तेथपर्यंत मुठीची उंची घ्यावी. खाली रबराची टोपी असावी व ती झिजली की बदलावी. दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, उलट हातात काठी धरावी. पुष्कळ मंडळी नेमकी चुकीच्या हातात धरतात. आणि रात्री ती खाटेच्या अशा बाजूस ठेवावी की उठताना शोधावी लागणार नाही, त्याच बाजूस दिव्याचे बटणही असावे.